साखर आटोक्यात आहे, मग हृदयाची चिंता संपली का?

वाचक भगिनीचे पत्र :

डॉक्टरसाहेब, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहीत आहे. आमची कोरडवाहू शेती आहे. कपाशी, तूर आणि सोयाबीन घेतो. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि दोन मुले. माझ्या यजमानांचे वय ४४ आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. दोन औषधे एकत्र असलेली एक गोळी ते रोज घेतात आणि उपाशीपोटीची साखर ११५ ते १२५ असते, त्यामुळे आता काळजीचे कारण उरले नाही असे ते म्हणतात. उंची ५ फूट ५ इंच, वजन ७८ किलो; हातपाय बारीक आहेत, सगळे वजन पोटावर आहे. माझे सासरे ५१ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. गेल्या महिन्यात आरोग्य केंद्रात यजमानांचा रक्तदाब १४६/९२ निघाला. कोलेस्टेरॉल कधी तपासलेले नाही. खर्रा (सुपारी-तंबाखूची पुडी) दिवसातून चार-पाच वेळा होतो. मी त्यांचा भात बंद करून वेगळ्या भाकरी करून देते. सासूबाई म्हणतात, खात्यापित्या घरचा माणूस आहे, पोट असायचेच, आणि शेतात राबणाऱ्याला हृदयविकार होत नाही. एका नातेवाइकाने साखरेवर चूर्ण आणून दिले आहे. मला स्वतःला धाकट्याच्या वेळी गरोदरपणात साखर निघाली होती, ती बाळंतपणानंतर गेली. साखर ताब्यात असूनही हृदयविकार होतो का, वजनाचा आणि जेवणाचा त्यात किती वाटा असतो, आणि मी घरात नेमके काय करावे, ते सांगावे.

— एक भगिनी, जि. यवतमाळ

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आडपडदा न ठेवता देतो. होय, उपाशीपोटीची साखर ताब्यात असतानाही हृदयविकार होऊ शकतो, आणि तुमच्या यजमानांच्या बाबतीत तो धोका आज खरोखर आहे. मात्र या धोक्याचा बराचसा भाग कमी करता येण्यासारखा आहे आणि त्यासाठी तुमच्या हातात अजून पुरेसा वेळ आहे. म्हणून पुढचे सविस्तर लिहीत आहे. शक्य झाल्यास यजमानांना आणि सासूबाईंनाही वाचून दाखवा.

मधुमेह हा केवळ साखरेचा आजार आहे असे आपण धरून चालतो, कारण घरात किंवा केंद्रात मोजला जाणारा आकडा साखरेचा असतो. प्रत्यक्षात पोटाच्या आत, यकृतात आणि आतड्यांभोवती साठलेली चरबी रक्तात सतत स्निग्धाम्ले (फॅटी अ‍ॅसिड) सोडत राहते. त्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, यकृत गरज नसताना साखर तयार करते, रक्तातले ट्रायग्लिसराइड, म्हणजे एक प्रकारची चरबी, वाढते आणि एचडीएल हे रक्षण करणारे कोलेस्टेरॉल घटते. त्याच सुमारास रक्तदाब चढू लागतो आणि रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते. हे सारे मधुमेहाचे निदान होण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू झालेले असते आणि हृदयाच्या रोहिण्यांच्या (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या) अस्तराखाली मेदाचे थर तेव्हापासूनच साचत असतात. असा एखादा थर फुटून त्यावर गुठळी धरली की झटका येतो. गोळीने साखरेचा आकडा खाली आला तरी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, पोटाची चरबी आणि तंबाखू जिथे होते तिथेच राहिले, तर रोहिणीच्या दृष्टीने फारसे बदललेले नसते.

याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासातूनच प्रथम स्पष्ट झाले की मधुमेह असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक असतो. मग साखर अगदी निरोगी माणसासारखी खाली आणली तर धोका जाईल, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु २००८ मध्ये जाहीर झालेल्या अ‍ॅकॉर्ड या मोठ्या अभ्यासात अधिकाधिक औषधे देऊन साखर फार खाली आणलेल्या गटात मृत्यू उलट वाढले आणि त्या गटाचा तो प्रयोग थांबवावा लागला. याउलट डेन्मार्कमधल्या स्टेनो-२ या अभ्यासात १६० रुग्णांपैकी निम्म्यांवर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, चालणे आणि धूम्रपान या सगळ्यांवर एकत्र उपचार झाले, तेव्हा सुमारे आठ वर्षांत हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना जवळपास निम्म्याने कमी झाल्या. साखर महत्त्वाची आहे, आणि आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत ती नीट ठेवल्याचा लाभ पुढे अनेक वर्षे मिळतो हे ब्रिटनमधल्या अभ्यासातून दिसलेले आहे. पण एकट्या साखरेवर समाधान मानणे धोक्याचे आहे.

उपाशीपोटीच्या आकड्याविषयी आणखी एक सांगायला हवे. सकाळी ११८ असणारी साखर दुपारच्या जेवणानंतर २२० वर जाऊ शकते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून जेवणानंतर दोन तासांची साखर आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी करून घ्या. ही सरासरी बहुतेक रुग्णांत ७ टक्क्यांच्या खाली असावी.

आता वजनाविषयी. सासूबाईंचे म्हणणे मी समजू शकतो. त्यांच्या पिढीने टंचाईचे दिवस पाहिले आहेत आणि त्या काळात अंगावर मांस असणे हे खरोखरच समाधानाचे लक्षण होते. परंतु तुम्ही लिहिलेले ‘हातपाय बारीक, सगळे वजन पोटावर’ हे वाक्यच माझ्या दृष्टीने पत्रातले सर्वांत महत्त्वाचे आहे. आपल्या लोकांची ही शरीररचना डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले होते. उंचीच्या प्रमाणात दोघांचेही वजन अगदी सारखे, बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या प्रमाणातला वजनाचा निर्देशांक, २२.३, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसातही स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, आणि ही ठेवण बाळ जन्माला येते तेव्हापासूनच दिसते, हे याज्ञिकांनी पुणे परिसरातल्या खेड्यांत केलेल्या कामातून पुढे आले.

याच कारणाने आपल्याकडे वजनाची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरतात. त्यांच्याकडे २५ च्या वर निर्देशांक गेला तर जादा वजन म्हणतात. आपल्याकडे २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानला जातो. तुमच्या यजमानांचा निर्देशांक २८.६ येतो. पण त्यापेक्षाही घराघरांत करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे शिवणकामाची टेप घेऊन पोटाचा घेर मोजणे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, कपडा न ठेवता मोजायचे. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, यांच्या आत असावा. पँटचा नंबर यासाठी धरू नका. पोट सुटलेली माणसे पँट पोटाच्या खाली बांधतात आणि वर्षानुवर्षे आपली कंबर ३४ च आहे असे समजत राहतात. बावन्न देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात एकंदर वजनापेक्षा पोटाच्या चरबीचा झटक्याशी अधिक जवळचा संबंध दिसला, आणि दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे लवकर येतो हेही त्यातच नोंदवले गेले.

सासरे ५१ व्या वर्षी गेले, ही बाब येथे जोडून पाहावी लागते. वडील किंवा भाऊ ५५ वर्षांच्या आत, किंवा आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर तो घराण्यातला धोका मानला जातो. तो पुसता येत नाही. पण इंटरहार्टमध्येच असेही दिसले की तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाची चरबी, मानसिक ताण, भाजी-फळांचा अभाव, दारू आणि हालचालीचा अभाव या नऊ गोष्टी मिळून बहुतेक झटक्यांचे कारण सांगता येते. त्यांतल्या किमान चार तुमच्या यजमानांकडे आहेत.

वजन किती उतरवायचे, याचे उत्तर बहुतेकांना वाटते त्यापेक्षा सोपे आहे. ७८ चे ६० करण्याची गरज नाही. पाच ते सात टक्के, म्हणजे ४ ते साडेपाच किलो वजन पाच-सहा महिन्यांत उतरले तरी साखर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड तिन्हींवर परिणाम दिसतो, कारण यकृतातली चरबी सर्वांत आधी ओसरते. येथे मला प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की अमेरिकेतल्या लुक अहेड या मोठ्या अभ्यासात मधुमेहींनी आहार-व्यायामाने वजन घटवले, त्यांचा रक्तदाब आणि औषधे कमी झाली, मूत्रपिंडे अधिक सुरक्षित राहिली, परंतु हृदयविकाराच्या घटना एकंदरीने कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. यावरून वजन निरुपयोगी ठरत नाही. वजन उतरले म्हणून रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची औषधे टाळता येतील, एवढा समज मात्र चुकीचा ठरतो. आणि एक महत्त्वाचे: प्रयत्न न करता वजन भराभर उतरू लागले तर आनंद मानू नका. ते बहुधा साखर फार वाढल्याचे लक्षण असते आणि त्यासाठी लगेच दवाखान्यात जावे.

तुमच्या यजमानांच्या मधुमेहाला तीनच वर्षे झाली आहेत, ही या सगळ्यात जमेची बाजू आहे. ब्रिटनमध्ये सहा वर्षांच्या आतल्या मधुमेहींवर झालेल्या डायरेक्ट या अभ्यासात, देखरेखीखाली मोठ्या प्रमाणात वजन घटवलेल्या गटापैकी जवळपास निम्म्या लोकांची साखर वर्षअखेरीस औषधांशिवाय मधुमेहाच्या खाली आली होती. तो आहार अतिशय कमी उष्मांकांचा होता आणि तो घरी स्वतःच्या मनाने करू नये. परंतु सुरुवातीच्या वर्षांत वजन उतरवण्याचा लाभ अधिक मिळतो, एवढे त्यातून निश्चित घेता येते.

शेतात राबणाऱ्याला हृदयविकार होत नाही, हे एके काळी बऱ्याच अंशी खरे होते. आज नांगरणी-वखरणी ट्रॅक्टरने होते, तण मारायला फवारणी असते, शेतावर मोटारसायकलने जाणे होते, आणि निंदण व कापसाची वेचणी ही सर्वांत जास्त वाकण्या-चालण्याची कामे बहुतेक ठिकाणी बायांच्या वाट्याला येतात. शिवाय आपले काम हंगामी असते. जून ते डिसेंबर धावपळ आणि मग उन्हाळ्यात लग्नसराई व ओसरीवरची बैठक. पोटाचा घेर ४० इंचांकडे गेला असेल, तर शरीराला पुरेशी हालचाल मिळत नाही हे त्यावरूनच समजावे. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने चालणे आवश्यक आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात ते सूर्य वर येण्याआधीच उरकावे. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटे गावातून फेरी मारली तर जेवणानंतरची साखर लक्षणीय कमी चढते. चालताना छातीत दडपण आले किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर मात्र थांबावे आणि चालणे पुढे वाढवण्याआधी ईसीजी काढून घ्यावा.

जेवणाकडे येतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे आणि घरात बदल करणे तुमच्या हाती आहे.

तुम्ही भात बंद केला आणि त्याऐवजी भाकरी देता. हेतू योग्य आहे, पण त्याने एकट्याने काही साधणार नाही. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, तर ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम. ज्वारीत तंतू दहा ग्रॅमांच्या आसपास असतात आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम तीन, म्हणून ज्वारी निश्चितच उजवी आहे. परंतु एका वाटीभर भाताच्या जागी चार मोठ्या भाकरी ताटात आल्या तर साखर वाढणारच. भात-भाकरीच्या भांडणापेक्षा ताटात धान्य एकूण किती आणि त्याच्या सोबतीला काय, हे पाहिले पाहिजे. आपल्याकडच्या ताटात तीन-चार पोळ्या किंवा भाकरी, त्यावर भात, पातळ वरण आणि चमचाभर आलू-वांग्याची भाजी असते. हे प्रमाण उलटे करायचे आहे. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कच्ची काकडी, मुळा, कांदा यांनी भरावा, पाव भाग घट्ट वरण, उसळ किंवा अंडी-मासे यांचा असावा आणि उरलेल्या पाव भागात दीड-दोन मध्यम भाकरी, किंवा एक भाकरी आणि अर्धी वाटी भात. भाजी आणि वरण आधी खाऊन मग भाकरीकडे वळले तर साखर हळू चढते आणि भूकही लवकर भागते. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो आणि ज्वारीचा पेरा आपल्या भागात पुष्कळ घटला आहे, हे मला माहीत आहे. ज्वारी विकत घेणे परवडत नसेल तर चोकर न काढलेल्या गव्हाच्या पोळ्या चालतील, फक्त संख्या तीच ठेवावी.

डाळींच्या बाबतीत मला आपल्या शेतकरी घरांविषयी मनापासून वाईट वाटते. तूर आपल्या शेतात कपाशीच्या ओळींमध्ये उभी असते, सोयाबीनची पोती अंगणातून बाजारात जातात, आणि घरातल्या माणसाच्या वाटीत मात्र पाण्यासारखे वरण येते. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, सोयाबीनमध्ये ३५ ग्रॅमांहून अधिक. वर्षाची तूर विकण्याआधी घरापुरती राखून ठेवा आणि वरण घट्ट करा. बरबटी, हिरवे मूग, मटकी, हरभरा यांच्या उसळी आठवड्यातून चार-पाच वेळा व्हाव्यात. सोयाबीन कच्चे कधीही दळून खाऊ नये. रात्री भिजवून, चांगले शिजवून त्याची उसळ करावी, किंवा भाजून दळलेले पीठ कणकेत नऊ भागांना एक भाग इतके मिसळावे. किराणा दुकानातल्या सोयाबीन वड्यांची भाजीही चांगली. पोटभर प्रथिने मिळाली की भाकरीची संख्या आपोआप उतरते, हे तुम्हाला महिनाभरात दिसेल.

भाजीची अडचण खरी आहे. आठवडी बाजारातून आणलेली पालेभाजी तीन दिवसांत संपते आणि उरलेले दिवस आलू आणि बेसनावर निघतात. म्हणून बाजाराच्या दिवशी टिकणाऱ्या भाज्याही घ्याव्यात: कोहळे, लौकी, पत्ताकोबी, गवार. पावसाळ्यात तरोटा, घोळ, चिवळ, अंबाडी या भाज्या बांधावर आणि अंगणात फुकट मिळतात आणि त्या कोणत्याही महागड्या भाजीपेक्षा कमी नाहीत. तणनाशक मारलेल्या जागेवरच्या तेवढ्या टाळाव्यात. आलू ही भाजी म्हणून मोजू नका, तिची गणना धान्यात करा. संत्रे एक-दोन खाण्यास हरकत नाही, रस काढून पिऊ नये.

तेल मोजून वापरणे ही सवय घरात लागली पाहिजे. माणशी दिवसाला २० ते २५ ग्रॅम, म्हणजे चार-पाच चहाचे चमचे, इतके तेल पुरेसे आहे. तुमच्या पाच माणसांच्या घरात महिन्याला साडेतीन ते चार लिटरांच्या आत. सध्या किती लागते ते एक महिना लिहून पाहा. पाटोडीचा रस्सा वाईट नाही, बेसन तर डाळच आहे. त्याच्यावर बोटभर तरंगणारी तर्री वाईट आहे. करडई, शेंगदाणा किंवा सोयाबीनचे तेल आलटून पालटून वापरावे आणि वनस्पती तूप घरात आणू नये. एकदा तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवणे टाळावे. चौकातल्या आलुबोंड्याची आणि कचोरीची हीच मोठी हानी आहे. जवसाची चटणी जरूर ठेवा, जवसात हृदयाला उपयोगी स्निग्धाम्ल असते, पण तिच्यात मीठ कमी टाका आणि तिला औषध समजू नका.

मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, ठेचा, कुरड्या यांतलेही मीठ आले. ज्यांचा रक्तदाब १४६ आहे त्यांच्यासाठी हे साखरेइतकेच महत्त्वाचे आहे. चहा दिवसात पाच वेळा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, असा हिशेब असेल तर ५० ग्रॅम साखर केवळ चहातून जाते. गुळाचा चहा केल्याने काही सुटत नाही, गुळातही जवळपास तेवढेच उष्मांक असतात. दोन कप, बिनसाखरेचे, इथपर्यंत यावे.

उपवासाविषयी थोडे कठोर बोलतो. चतुर्थी, एकादशी, श्रावणातले सोमवार यांना घरोघरी साबुदाण्याची उसळ होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात वर तूप आणि शेंगदाणे. दुसरीकडे, यजमानांच्या एकत्र गोळीत ग्लिमेपिराइड हे साखर उतरवणारे औषध असेल, आणि अशा अनेक गोळ्यांत ते असते, तर उपाशी राहून शेतात काम केल्यास साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, भोवळ येऊ शकते. श्रद्धेला धक्का न लावता सांगतो: ही गोळी घेणाऱ्याने निरंकार उपवास करू नये. याच कारणाने, मी वर सांगितलेला आहार सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना कल्पना द्या, कारण भाकरी अर्ध्यावर आली की गोळीची मात्राही बदलावी लागते. शेतात जाताना खिशात साखरेची पुडी असू द्यावी.

आणि वेगळा स्वयंपाक बंद करा. हे मी आग्रहाने सांगतो. एका घरात दोन प्रकारचे जेवण तुमच्याच्याने वर्षभर निभणार नाही, यजमानांना आपण आजारी असल्याची रोज आठवण होईल आणि ते चौकात जाऊन तर्री-पोहे खातील. त्यापेक्षा मोठे कारण तुमची मुले आहेत. आजोबा ५१ व्या वर्षी गेले, वडिलांना ४१ व्या वर्षी मधुमेह निघाला, आईला गरोदरपणात साखर होती. या मुलांना कमी तेलाची, भरपूर भाजी-डाळीची सवय आतापासून लागणे ही त्यांच्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

खर्रा हा तुमच्या प्रश्नाचा भाग नव्हता, पण तो सोडून हृदयाचे बोलणे अपुरे राहील. लोकांना तोंडाचा कर्करोग ठाऊक असतो, मात्र तंबाखूतल्या निकोटीनने नाडी आणि रक्तदाब वाढतो आणि धूर न काढता चघळलेल्या तंबाखूनेही हृदयविकाराचा धोका वाढतो, हे कोणी सांगत नाही. सुपारी-चुना-तंबाखूची ती पुडी सुटणे अवघड आहे. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असते, तिथे त्यांना एकदा घेऊन जा.

औषधांचे म्हणाल तर रक्तदाब एकाच वेळी मोजून ठरवत नाहीत. आठवड्याभराच्या अंतराने आणखी दोनदा मोजा आणि १४०/९० च्या वरच राहिला तर गोळी लागेल, हे मनाशी धरून चला. मधुमेहीचा रक्तदाब १३०/८० च्या खाली असणे इष्ट आहे. कोलेस्टेरॉल लगेच तपासा. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहीला बहुधा स्टॅटिन गटाची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी द्यावी लागते, आणि तिच्याविषयी आपल्याकडे विनाकारण भीती आहे. हृदयविकार टाळण्यात तिचा वाटा साखरेच्या गोळीपेक्षा कमी नाही. डॉक्टरांना तिच्याविषयी स्वतःहून विचारा. लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन आणि डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्या. रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिनची गोळी मात्र कोणाच्या सांगण्यावरून रोज सुरू करू नका. झटका न आलेल्या माणसात तिचा फायदा आणि रक्तस्रावाचा तोटा जवळपास बरोबरीने येतो. नातेवाइकाचे चूर्ण बाजूला ठेवा. अशा चूर्णांत साखरेची आधुनिक औषधे किंवा स्टिरॉइड गुपचूप मिसळल्याचे तपासण्यांत आढळलेले आहे, आणि ती सुरू असलेल्या गोळीवर भर पडली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

आता तुमच्याविषयी, ताई. तुम्ही संपूर्ण पत्र यजमानांसाठी लिहिले आणि स्वतःविषयी एकच ओळ लिहिली, ती ओळ मला अस्वस्थ करते. गरोदरपणात साखर निघालेल्या स्त्रीला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या तुलनेत सात ते दहा पट असते, आणि तिला हृदयविकाराचा धोकाही सुमारे दुप्पट असतो. बाळंतपणानंतर साखर गेली, म्हणजे इशारा मिळाला. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत एकदा आणि नंतर दर एक ते तीन वर्षांनी तपासणी व्हायला हवी. ती झाली आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. तिशी उलटलेल्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याचे काम उपकेंद्रात चालते, तुमच्या आशाताईंना विचारा. उपाशीपोटी १०० ते १२५ आली तर ती मधुमेहपूर्व अवस्था असते, १२६ किंवा अधिक आली तर पुन्हा तपासून निदान करतात. मधुमेहपूर्व अवस्थेतल्या माणसांनी सात टक्के वजन घटवून आठवड्याला दीडशे मिनिटे हालचाल ठेवली, तेव्हा अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. चीनमधल्या दाचिंग शहरात असाच आहार-व्यायाम केलेल्यांमध्ये तीस वर्षांनंतर हृदयविकारही कमी आढळला. यजमानांचा घेर मोजाल त्याच दिवशी स्वतःचाही मोजा. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेला भात आणि तर्री खाऊन उठण्याची आपल्याकडच्या बायांची रीत आहे, ती तुमच्यापुरती तरी सोडा आणि सगळ्यांबरोबर ताट वाढून घ्या.

शेवटी एक तातडीची गोष्ट. मधुमेहींमध्ये झटका नेहमीच छातीत कळ घेऊन येत नाही. अचानक दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, छातीच्या मध्यभागी जडपणा, किंवा ‘गॅस झाला’ असे वाटणारी, कधी न जाणवलेली बेचैनी, यांपैकी काहीही पंधरा-वीस मिनिटे टिकले तर सोडा किंवा गॅसची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजी निघेल अशा जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात थेट जा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या काही तासांत दिले तर सर्वाधिक उपयोगी पडते. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन चघळायला द्यायची का, हे यजमानांच्या डॉक्टरांना येत्या भेटीतच विचारून ठेवा, आणि रात्री-बेरात्री गावात कोणाची गाडी मिळू शकेल, त्यांचा नंबर आजच लिहून घ्या.